जुन्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरच्या) कार्बोरेटरचे पार्ट्स कुठे मिळतात? कंपनी बंद झाली म्हणून मोटर भंगारात द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या वेळची जॉन्सन 25 एचपी आहे, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि दुकानदार म्हणतात कंपनीच राहिली नाही तर पार्ट कुठला. भंगारात अजिबात देऊ नका हो. मी बडोद्याचा, लोकांना वाटतं इथे कुठली आलीय बोट, पण चांदोदला नर्मदेवर नावा चालतात आणि तिथल्या दोन-तीन नाववाल्यांची मशीनं गेली बरीच वर्षं मीच खोलतो, त्यामुळे हा सगळा शोध मी स्वतः केलाय.

आधी नंबर. दुकानात जाऊन "जॉन्सनचं किट द्या" म्हणालात तर कोणीही नाहीच म्हणणार. मोटर बोटीला जिथे क्लॅम्पने बसते तिथे ब्रॅकेटवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर असतो. पट्टी गळून पडली असेल तर इंजिनाच्या ब्लॉकवर रुपयाएवढी गोल डबी ठोकलेली असते, तिच्यावर बघा, रॉकेलने पुसलं की अक्षरं वर येतात. 1980 नंतरच्या जॉन्सन आणि एव्हिनरूडमध्ये वर्ष अक्षरांत लपवलेलं असतं, आय म्हणजे 1, एन 2, टी 3, आर 4, ओ 5, डी 6, यू 7, सी 8, ई 9 आणि एस 0. म्हणजे नंबराच्या शेवटाकडे सी-ओ असेल तर मोटर 1985 ची, त्याच्याही मागे एखादं जादा अक्षर असेल तर ते सोडून द्या. वर्ष कळलं की निम्मं काम झालं.

कंपनी बंद झाली हे खरंच आहे, जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणाऱ्या ओएमसीने डिसेंबर 2000 मध्ये दिवाळं काढलं, पुढे ज्यांनी घेतली त्यांनीही 2020 ला एव्हिनरूड बंद केली. पण कार्बोरेटरचं किट काही कंपनीबरोबर मरत नाही, सिएरासारखे लोक ते बनवतात, त्यांचे नंबर 18 ने सुरू होतात. ओएमसीचा जुना सहा आकडी नंबर टाकला की त्यांचा जोडीचा नंबर निघतो.

दुसरं म्हणजे मोटर बनवली कोणी ते बघा, वरचं नाव फसवतं. चांदोदच्या एका काकांकडे मरिनर कंपनीची 15 एचपी मोटर होती, दोन वर्षं पडून, सगळे म्हणाले पार्ट मिळत नाही. मी कार्बोरेटर सोडवला तर त्याच्यावरचा आकडा यामाहाच्या पद्धतीचा! तेव्हाच्या छोट्या मरिनर यामाहाच बनवून द्यायची. यामाहाच्या किटच्या नंबरात मधे डब्ल्यू-0093 असतं आणि त्याच्या आधीची तीन अक्षरं मॉडेलची, ते जुळवलं आणि वेरावळहून किट आलं. वेरावळ, पोरबंदर, ओखा इथे मासेमारीच्या होड्यांवर ओबीएमच, म्हणजे आउटबोर्ड मोटरीच चालतात, यामाहाचं सामान तिथे मिळतं. फक्त तुमची पेट्रोलची की केरोसीनची ते आधी सांगा, दोन्हीचे जेट (कार्बोरेटरमधली इंधन मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) वेगळे.

तुमच्या जॉन्सनसाठी मात्र किट बाहेरून मागवा, आणि पूर्ण कार्बोरेटरच लागला तर अलंगला जा. भावनगरच्या पुढे साधारण 50 किलोमीटर, जहाजं तोडतात ते. रस्त्याच्या कडेने खाडे, म्हणजे जहाजातलं जुनं सामान विकणारी दुकानं लागतात, जहाजाच्या रेस्क्यू बोटीवरच्या मोटरी तिथे येतात, फार न चाललेल्या. जुना कार्बोरेटर बरोबर घेऊन जा, शेजारी ठेवून भोकं जुळवा.

ओव्हरफ्लो होतो तेव्हा बहुतेक वेळा नीडल (फ्लोट, म्हणजे आतला तरंगता भाग वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) आणि ती जिथे टेकते ती सीटच जाते. नीडल काढून उजेडात धरा, टोकावर नखाने लागेल अशी गोल रेघ पडली असेल तर ती संपली. नवी बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरा, फ्लोट बॉडीच्या कडेला समांतर हवा, आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंकून बघा, हवा जायला नको. फ्लोट बुचाचा असेल तर तोही बदला, पेट्रोल पिऊन जड होतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्याने फुगतं, म्हणून ओरिंग साधी न घेता व्हिटॉनची घ्या आणि काम झालं की बाउल, म्हणजे कार्बोरेटरची खालची पेट्रोलची वाटी रिकामी करून ठेवा. पॅकिंग मिळालं नाही तर गॅस्केट पेपर आणून कापा, त्यात काही बिघडत नाही.

जेटशी मात्र खेळू नका, हात जोडून सांगतो. आमच्याकडे एका मिस्त्रीने बाइकचा जेट घासून बसवला, मोटर सुरू झाली, छान वाटली, आणि भर पाण्यात पिस्टन सीझ, नावेत सात माणसं होती. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच जातं ना, पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी, मग पिस्टन जळणारच. जेटवर आकडा कोरलेला असतो, तोच आकडा घ्या, तारेने भोक साफ करू नका, कार्ब क्लीनर मारा.

पट्टीवरचा पूर्ण नंबर इथे टाका, किटचा नंबर मी काढून देतो.