‘अल्बम’ आणि अंड्यातला पांढरा भाग

प्रश्न असा आला आहे: जुन्या फोटोंचा कागद ‘अल्ब्युमेन’ आणि फोटो लावायची वही ‘अल्बम’, मग कागदावरूनच वहीला नाव पडलं का?

नाही. कूळ मात्र एकच. लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. रोममध्ये सरकारी जाहीरनामे पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यावर लिहीत. तो फळा म्हणजे ‘आल्बुम’. पुढे सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतले विद्यार्थी कोऱ्या वहीत गुरूंच्या आणि मित्रांच्या सह्या, चार ओळी गोळा करू लागले. त्या वहीला नाव मिळालं ‘आल्बुम आमिकोरुम’, मित्रांची वही. म्हणजे फोटोचा शोध लागायच्या तीनेकशे वर्षं आधीपासून अल्बम आहे, आणि त्यात तेव्हाही आपली माणसंच होती. मला या शब्दातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

‘अल्ब्युमेन’ म्हणजे अंड्यातला पांढरा भाग. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लाँकार-एव्हरारने कागदावर त्याचा थर देऊन त्यावर फोटो छापायची रीत आणली. काचेच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने आणखी एक युक्ती काढून तिचं पेटंट घेतलं: एकाच काचेवर अनेक छोट्या छबी, बहुधा आठ, टिपायच्या, सगळ्या एकदम छापायच्या, कापायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. खर्च एकदम उतरला. तैलचित्र काढून घेणं ज्यांना कधीच परवडलं नसतं, तेही स्टुडिओत जाऊन बसू लागले. आकार भेटीच्या कार्डाएवढा, म्हणून नाव ‘कार्त द व्हिझित’.

आकार ठरलेला, म्हणून पानांत तेवढ्याच खाचा असलेल्या वह्या निघाल्या, आणि त्यांनी ‘अल्बम’ हे जुनं नाव उचललं. पांढऱ्याची दोन नावं अशी एका पानावर आली. १८६० मध्ये मेयॉल या फोटोग्राफरने काढलेले राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे फोटो याच आकारात विक्रीला आले. मग घरातल्या आत्याशेजारच्या खाचेत राणी बसू लागली.

गाण्यांचा ‘अल्बम’ही यातूनच आला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या बांधलेल्या पाकिटांत मिळत. जास्त वेळ वाजणारी एकच तबकडी आली, पाकिटं गेली, नाव राहिलं.

आपल्याकडे ‘चित्रसंग्रह’ सुचवतात. पण चित्रसंग्रह चित्रकाराचाही असतो, संग्रहालयाचाही. लग्नाचा मात्र अल्बमच, आणि मला तो शब्द आता मराठीच वाटतो.

जुना अल्बम हाती आला तर फोटोतला उजळ भाग नीट पाहा, चेहरा किंवा पांढरं धोतर. तो पिवळसर झाला असेल, तर बहुधा कागद अल्ब्युमेनचा आहे.