गाईचा माज, माणसाचा माज

प्रश्न एका शिक्षिकाताईंचा आहे. त्यांच्या गावात दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर फलक लागला: ‘गाईचा माज ओळखा, वेळेत रेतन करा’, म्हणजे गाय गाभण राहावी म्हणून वळूचं वीर्य तिच्या गर्भाशयात वेळेत सोडून घ्या. शेजारी शिंगं रोखलेल्या बैलाचं चित्र. सुट्टीला आलेल्या भाचरांनी तो वाचला आणि दिवसभर घरात हसाहशी. गाईला कसला आलाय माज? ताई विचारतात: माज म्हणजे गर्व, उर्मटपणा, मग तो गाईला कसा चिकटला? मूळ अर्थ कुठला? आणि असा शब्द भिंतीवर रंगवण्यापेक्षा ‘ऋतुकाल’ लिहिलेलं बरं नाही का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, बरं नाही. का, ते पुढे येईलच.

माज हा शब्द संस्कृतातल्या मद् धातूचा. माद्यति म्हणजे धुंद होतो, नशेत असतो. प्राकृतात त्याचं मज्जइ झालं आणि मराठीत माजणे. ‘द्य’चा ‘ज्ज’ आणि मग ‘ज’ ही मराठीची नेहमीची वाट आहे. अद्यचं आज झालं, विद्युत्‌ची वीज झाली, वाद्यतेचं वाजणे झालं. मद्य, मदिरा, उन्माद, प्रमाद ही सगळी त्याच घरातली मंडळी. म्हणजे गर्व आधी की गाय आधी, या प्रश्नाला उत्तर असं की दोन्ही नंतरचे. आधी आहे ती धुंदी. देहाच्या धुंदीला, म्हणजे गाय गाभण राहायला तयार असते त्या वेळेला, गोठ्यानं माज म्हटलं, पैशाच्या आणि सत्तेच्या धुंदीला गावानं. तण माजतं, रान माजतं, गोंधळ माजतो, तिथेही आवरेनासं होणं हाच भाव आहे.

माजघराचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, हे सांगून टाकते, कारण कुणीतरी विचारणारच. ते मध्यघर. मध्यचं मज्झ, त्याचं माज. ‘ध्य’ आणि ‘द्य’ वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन एका दाराशी थांबले, एवढंच. याच ‘ध्य’नं वंध्या या शब्दात आपला ‘झ’ टिकवला आणि आपल्याला वांझ दिला. मुजोरीही माजाची बहीण नव्हे. ती मुँहजोर, तोंडाच्या जोराची. माजोरी आणि मुजोरी हल्ली सरसकट एकमेकींच्या जागी वापरतात. दोघी वागायला सारख्या असल्या तरी आडनावं वेगळी आहेत.

गंमत अशी की माजाला धुंदी म्हणणारे आपण एकटे नाही. माजावर आलेल्या मादीच्या अवस्थेला पाश्चात्त्य शास्त्रात ‘इस्ट्रस’ म्हणतात. तो ग्रीक ‘ऑइस्ट्रॉस’. मूळ अर्थ गोमाशी. गोमाशी डसली की गाय शेपूट वर करून उधळते, त्यावरून वेड, झपाटलेपण. ग्रीक पुराणात आयो नावाची तरुणी गाय होते आणि हेरा देवी तिच्यामागे गोमाशी सोडते, ती तिला देशोदेशी पळवते. माजावरची गाय जिनं पाहिली आहे, तिला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. पुढे १९२३ साली अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी या दोघांनी डुकरिणीच्या बीजकोशातल्या द्रवातून माज आणणारं द्रव्य दाखवून दिलं, त्या जातीच्या द्रव्यांना इस्ट्रोजेन नाव पडलं: इस्ट्रस निर्माण करणारं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं इस्ट्रोजेन असं गोमाशीच्या पंखांवर बसून आलेलं आहे. सरळ मराठी करायचं तर ‘माजजनक’ म्हणावं लागेल. दवाखान्यात बाईला ते ऐकवण्याची हिंमत कुणी करू नये.

हत्तीकडे वळलं तर तिथे मूळ शब्दच शाबूत आहे: मद. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणाऱ्या द्रवालाही मद म्हणायचे आणि त्या अवस्थेलाही. इंग्रजीत तिला ‘मस्थ’ म्हणतात, तो आपल्याकडून गेलेला फारसी मस्त. आणि हा फारसी मस्त म्हणजे संस्कृत मत्तचा इराणी भाऊ, धातू तोच. मदमस्त हत्ती म्हणताना आपण एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा म्हणतो.

आता गोठ्यात येऊ. संगमनेरकडे आमच्या मामांच्या दावणीला चार गाई होत्या. पहाटे धार काढायच्या आधी मामा कंदील, पुढे बॅटरी, घेऊन प्रत्येकीच्या मागून एक फेरी मारायचे. एकदा त्यांनी मला शेपटीला चिकटलेला तार दाखवला: काचेसारखा स्वच्छ, लांब, अंड्याच्या पांढऱ्यासारखा लोंबणारा. “हा बळस. रात्रभर हंबरत होती, वैरणीला तोंड लावलं नाही. माजावर आली.” काही गावांत यालाच सोट म्हणतात. मामी तोवर कासंडी घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “दूध कमीच निघणार आज.” निघालंही कमी.

इथे व्याकरणाचा एक बारीक धागा आहे, कोशात सहसा सापडत नाही असा. गाय माजावर येते, माजाला येते. माणसाला माज येतो, चढतो, माणूस माज करतो. ‘तो माजावर आला’ असं माणसाबद्दल सहसा कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर शिवी म्हणून, आणि ती शिवी लागते ती नेमकी त्या ‘वर’मुळे. गाईचा माज ही येऊन जाणारी वेळ आहे, तिच्यावर ती येते आणि उतरते. माणसाचा माज ही वस्तू आहे; ती उतरवायला दुसरा माणूस लागतो. भाचरांचा गोंधळ झाला तो इथेच: ‘गाईचा माज’ असं षष्ठीत लिहिलं की वर-चा आधार जातो आणि शहरी कानाला फक्त उर्मटपणा ऐकू येतो. ‘गाय माजावर आलेली ओळखा’ असं लिहिलं असतं तर मुलं कमी हसली असती.

माणसाला आणि जनावराला वेगळे शब्द ठेवण्यात मराठी एरवी फार काटेकोर आहे. बाई गरोदर, गाय गाभण. बाई बाळंत होते, गाय विते. बाईचा गर्भपात होतो, गाय गाभडते. गंमत म्हणजे गाभण हा शब्द गर्भिणीचाच अपभ्रंश, आणि संस्कृतात गर्भिणी बाईही असते. देवळाचा गाभाराही त्याच गर्भातून आला. एकच शब्द देवळात पवित्र, गोठ्यात रोजचा आणि बाईला म्हटला तर उद्धट. नर्सबाई म्हणतात ती ‘वार’ मात्र दोन्हीकडे चालते. गोठ्यात तिला जारही म्हणतात. आणि गर्भाशयाला गोठ्यात काय म्हणतात? पिशवी. ‘डॉक्टरनी पिशवी धुतली’ हे वाक्य ज्याला कळत नाही त्याने दुधाच्या धंद्यावर लेख लिहू नये.

‘ऋतुकाल’ का नको, ते आता. ऋतू म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात ऋतुस्राव येतो, पाळी येते, रक्त येतं. गाईचं नेमकं उलटं आहे. माजात दिसतो तो स्वच्छ बळस. रक्ताचा डाग दिसलाच तर माज सरून एखाददोन दिवसांनी दिसतो, म्हणजे वेळ निघून गेलेली असते. गाईचा माज साधारण १२ ते १८ तासांचा, आणि स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर १० ते १२ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. ‘ऋतुकाल’ वाचून एखादा नवा शेतकरी रक्ताची वाट बघत बसला तर पुढच्या माजापर्यंतचे त्याचे सरळ २१ दिवस गेले, आणि २१ दिवसांचा चारा फुकट. पुस्तकांतला ‘ऋतुचक्र’ हा शब्द रुळला आहे, तो असू दे. पण भिंतीवर माजच हवा. म्हशीच्या बाबतीत तर जास्तच. तिचा माज उन्हाळ्यात इतका गुपचूप येऊन जातो की त्याला मुका माज असं नाव आहे. मुका ऋतुकाल म्हणून बघा बरं.

हार्मोनला आपण संप्रेरक म्हणतो. पुष्कळांना तो शब्द जड वाटतो, मला आवडतो. हार्मोन हे नाव स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०५ साली वापरात आणलं, ग्रीक क्रियापदावरून: हालवणं, चालना देणं. संप्रेरकातला प्र + ईर् नेमकं तेच सांगतो. फक्त एका ठिकाणी आपल्याकडे आयता शब्द होता आणि आपण तो विसरतो. वासरू ढुसण्या देऊ लागलं की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि सडांत दूध उतरतं. त्या उतरण्याला पान्हा म्हणतात. संस्कृत प्रस्नव, प्राकृत पण्हव, मराठी पान्हा. आईलाही पान्हा फुटतो, गाईलाही, आणि इथे मराठीनं भेद केला नाही.

नावांची फसगत शास्त्रातही होते. गाय माजावर येत नसेल तर डॉक्टर कधी कधी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. बीजकोशावरचा पीतपिंड, म्हणजे प्रोजेस्टेरॉन सोडून माज अडवून धरणारी पिवळी गाठ, त्यानं विरघळते आणि गाय दोनचार दिवसांत माजावर येते. गाय गाभण नाही ना याची मात्र आधी खात्री करावी लागते, नाहीतर ती गाभडेल. हे द्रव्य गाईचं गर्भाशय स्वतःच तयार करतं. पण सापडलं पहिल्यांदा वीर्यात, म्हणून १९३०च्या दशकात त्याला नाव मिळालं नराच्या प्रोस्टेट ग्रंथीचं. ते तसंच राहिलं.

नराकडे आलोच आहोत तर खच्ची. हा अरबी खसी, वृषण काढलेला किंवा निकामी केलेला. गोऱ्हा मोठा होऊन नांगराला जुंपायच्या वयाचा झाला की त्याला बडवतात. पूर्वी दगडानं ठेचायचे. आता बर्डिझोचा चिमटा असतो, कातडी न फोडता आतली शीर चेपणारा. रक्तपुरवठा तुटतो, वृषण आक्रसतात, टेस्टोस्टेरॉन आटतं, आणि खोंडाची रग उतरून बैल होतो. आज वर्तमानपत्रात रोज कुणाचं ना कुणाचं ‘मानसिक खच्चीकरण’ होत असतं, अगदी महिला खेळाडूंचंसुद्धा, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिमटा येत नाही. माज आणि खच्ची ही जोडी गोठ्यातून एकाच दारानं बाहेर पडली. माणसाला लावताना पहिला शब्द शिवी झाला, दुसरा सहानुभूतीचा. मला यात न्याय दिसत नाही, पण भाषा मला विचारून चालत नाही.

बडवलेला तो बैल, न बडवलेला तो वळू, आणि देवाला सोडून दिलेला तो पोळ. विदर्भात सांडही म्हणतात. हा भेद शहरात साफ पुसला गेला आहे. स्पेनमधल्या मैदानात झुंजतो तो वळू असतो. आपल्या बातम्यांत तो बैल होतो. शेअर बाजारातही ‘बैल उधळला’. बडवलेला बैल उधळतो, नाही असं नाही, पण दलाल मंडळींना अभिप्रेत असलेला जोर त्याच्यातून चिमट्यानं आधीच काढून घेतलेला असतो.

तेव्हा ताई, फलकावरचा शब्द बरोबर आहे, तो पुसू देऊ नका. चित्र तेवढं बदलायला सांगा. तिथे शेपटी बाजूला घेतलेली, बळस टाकणारी गाय हवी, आणि नर दाखवायचाच असेल तर वळू. रेतनाच्या फलकावर बैल म्हणजे फारच झालं.