बंद एसी कार्यालयात ताजी हवा किती घ्यावी आणि तिची किंमत किती?

आपला प्रश्न असा आहे: मुंबईत वीस माणसांचे कार्यालय, सगळीकडे स्प्लिट एसी, खिडक्या दिवसभर बंद, दुपारी मीटरवर कार्बन डायऑक्साइड १८०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १८०० भाग) दिसतो आणि डोके जड होते, पण खिडकी उघडली की वीजबिल वाढते. मी वातानुकूलनाचे आराखडे करतो, म्हणून आपल्याच आकड्यावरून हिशेब मांडतो.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या आसपास असतो. त्यावरून १८०० या आकड्याचा अर्थ असा निघतो की आपल्याकडे माणशी सेकंदाला जेमतेम साडेतीन लिटर बाहेरची हवा येते, तीही दारांच्या फटींतून आणि स्वच्छतागृहातील एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी किमान १० लिटर सुचवले. तेवढी हवा मिळाली तर मीटर ९५० च्या आत राहील. तेलसंकटानंतर वीज वाचवण्याच्या भरात अमेरिकेतील आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८१ च्या मानकाने धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी हे प्रमाण अडीच लिटरांवर आणले होते आणि १९८९ मध्ये त्याच संस्थेला ते दहावर न्यावे लागले, हा इतिहास बिलाची काळजी करणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा.

आता किंमत. वीस माणसांसाठी सेकंदाला २०० लिटर हवा हवी. मे महिन्यात बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५५ टक्के धरली, तर एवढी हवा आतल्यासारखी करण्यासाठी सुमारे सव्वादोन टन क्षमता लागते, म्हणजे भर दुपारी तासाला दोन-सव्वादोन युनिट. या भारातील जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा तापमानाचा नसून बाष्पाचा आहे. मुंबईतील सगळा निर्णय याच एका गोष्टीवर फिरतो. विक्रेता ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे हीट एक्स्चेंजर दाखवील. ते बाहेर जाणाऱ्या गार हवेने आत येणारी हवा फक्त थंड करते, बाष्प काढत नाही, त्यामुळे ते ७० टक्के कार्यक्षम असले तरी एकूण भारातील सहावा हिस्साच वाचतो. आपल्याला ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) हवे, ज्यात आत येणारी दमट हवा आणि बाहेर जाणारी गार, कोरडी हवा कागदासारख्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी जातात आणि बाष्पही पडद्यातून पलीकडे जाते. त्याने एकूण भारातील ६० टक्के वाचले तरी सव्वादोन टनांचा भार एक टनाच्या आत येतो. या बचतीतून ईआरव्हीच्या पंख्यांची वीज तेवढी वजा धरावी.

दुसरी बचत वेळेची आहे. ईआरव्हीचा पंखा कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरला जोडून घ्यावा, म्हणजे निम्मी माणसे बाहेर असताना हवाही निम्मी येईल. पंख्याचा वेग निम्मा झाला की त्याची वीज हिशेबाने आठव्या हिश्शावर येते. एसी २४ ऐवजी २६ अंशांवर ठेवून छताचे पंखे चालवले, तर उरलेला खर्च बराचसा तिथेच भरून निघतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी खिडक्या उघडाव्यात असे कोणीही सुचवील, परंतु मुंबईत धूलिकणही त्याच दिवसांत सर्वाधिक असतात आणि आपला मीटर ते दाखवत नाही. म्हणून पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचा, मीटर वेगळा घ्यावा, ईआरव्हीला चांगला फिल्टर बसवावा आणि तो वेळेवर बदलण्याची जबाबदारी देखभालीच्या करारातच लिहून घ्यावी. हवा ओढणारे तोंड स्वच्छतागृहाच्या एक्झॉस्टपासून आणि जनरेटरच्या धुराड्यापासून दूर ठेवावे. जागा अपुरी असली की कंत्राटदार नेमकी तिथेच तडजोड करतात.