गुडघे दुखतात, हेइन्साला जमेल का?

प्रश्न : मुलगा दक्षिण कोरियात देगूला शिकतो. ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. गाया डोंगरातलं हेइन्सा हे बौद्ध मंदिर पाहायचंय, पण यांचे गुडघे दुखतात, शिवाय आम्ही शाकाहारी. जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल की! फक्त १४३० मीटरच्या सांगवांगबोंग शिखराचा नाद सोडा. मंदिर शिखरावर नाही, खाली जंगलात आहे. देगूच्या सोबू बसस्थानकावरून थेट बस मिळते, दीड तास धरा. उतरल्यावर चढ आहे, शेवटी दगडी पायऱ्या. काठी न्याच. मी माझ्या ७१ वर्षांच्या आत्याला घेऊन गेले होते. ती तीनदा टेकली, आणि तिसऱ्यांदा उठेचना. समोर ओढा वाहत होता ना! या दरीचं नावच होंगन्यूदोंग. होंगन्यू म्हणजे लाल प्रवाह. शरद ऋतूत मेपलच्या लाल पानांचा रंग पाण्यात उतरतो म्हणून.

मंदिर इ. स. ८०२चं. पण खरा वेळ ठेवा तो मागच्या लांबलचक कोठारांसाठी. तिथे त्रिपिटक या बौद्ध धर्मग्रंथांचे छपाईचे लाकडी ठसे ठेवलेत. मंगोलांनी आधीचे ठसे जाळले, म्हणून तेराव्या शतकात त्रिपिटक पुन्हा लाकडावर कोरलं गेलं. ऐंशी हजारांवर फळ्या, दोन्ही बाजूंनी, अक्षरं उलटी. आत सोडतात ते आधी नोंदणी केलेल्या मोजक्यांना. एरवी खिडकीच्या गजांतून बघायचं. मी गजाला नाक लावून उभी होते, तर आत्या म्हणाली, "अगं, खिडक्या बघ." दर्शनी भिंतीत खालच्या मोठ्या, वरच्या लहान, मागच्या भिंतीत नेमकं उलट. वारा आत शिरून सगळीकडे खेळावा म्हणून. जमिनीत कोळसा, मीठ आणि चुना, हवेतला ओलावा शोषायला. पंधराव्या शतकातली ही कोठारं, वातानुकूलनाशिवाय! आमच्या घरात पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, ते आठवून मला लाजच वाटली.

जेवणाचं म्हणाल, तर मंदिराच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना चालेल. बाहेरच्या हॉटेलात रानभाज्यांचा बिबिंबाप, म्हणजे वाडग्यातला भाज्या घातलेला भात, मागवा, पण अंडं येऊ शकतं. "केरान प्पे जुसेयो" म्हणा, म्हणजे अंडं काढा. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, बहुतेकदा मासळीचा खार असतो, ती बाजूला ठेवा. आत्यानं वाडगा पुसून खाल्ला. तिनं नेलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र सील न फोडता पुण्याला परत आली.