मेळाव्याला जायचं की नाही? वाचकांचे प्रश्न

यावेळी पत्रांचा ढीग आलाय आणि गंमत म्हणजे निम्मी पत्रं एकाच विषयावर, शिकून गावाकडं परत आलेली किंवा नोकरीला लागलेली आपली शेतकऱ्यांची पोरं, आणि त्यांचं जुनं कॉलेज. त्यातली पाच घेतो, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : मी बीएस्सी अॅग्री. नोकरी धरली नाही, घरची चौदा एकर जिराईत करतो, सगळी ज्वारी आणि थोडी करडई. आमच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर वर्षभर गुड मॉर्निंग आणि माजी विद्यार्थ्यांचा मेळावा जवळ आला की कॉलेजला स्वागत कमान बांधायची, प्रत्येकी पाच हजार काढा. बँकेत लागलेले मित्र लगेच पाठवतात, मी गप्प बसतो. मला कॉलेजबद्दल प्रेम आहे पण कमानीबद्दल नाही. काय करू? (मंगळवेढा)

दादा, कमानीला पैसे देऊ नका. संपलं. लाज वाटायचं काही कारण नाही, कमानीखालून गाडी जाते, ज्ञान जात नाही.

पण तुम्ही गप्प बसताय ते मात्र मला पटलं नाही. तुमच्याकडं जे आहे ना ते त्या बँकवाल्या मित्रांकडं नाहीये, तुमच्याकडं चौदा एकर काळं रान आहे आणि ते कसं बघायचं ते शिकलेला माणूस त्या रानात रोज उभा आहे. आता बघा, आपली मालदांडी 35-1, जिच्याशिवाय आपल्याकडं भाकरी आणि कडबा दोन्हीचं पान हलत नाही, ती कुठून आली? मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात निवड करून काढली, आणि निवड कशातून केली तर आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या गावरान मालदांडीतून. म्हणजे कृषी विद्यापीठं जन्माला यायच्या आधीपासून हा व्यवहार चालू आहे, राहुरीचं विद्यापीठ तर 1968 सालचं. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन 1933 पासून सुरू झालं ते सुद्धा इथली पावसाची रड बघूनच.

तर तुमचं काम असं. विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे दिलेत, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहू रानाला फुले वसुधा, भारी बागायतीला फुले रेवती. कागदावर सगळं छान आहे. तुमच्या रानात एका बाजूला मालदांडी आणि शेजारी वसुधा, एकाच दिवशी, एकाच पाभरीनं, एकरी चार किलोच बी, असं पेरा आणि मग दाणे आणि कडबा दोन्ही वेगळे तोला. कडबा तोलाच, कारण आपल्याकडं जनावरवाला शेतकरी वाण ठरवताना आधी कडबा बघतो आणि मग दाणा, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. पाऊस कधी किती पडला ते वहीत लिहा. पीक बसलं नाही, चिकटा आला, खोडमाशीनं खाल्लं, ते पण लिहा, ते तर आधी लिहा. सलग तीन हंगाम झाले की ती वही घेऊन तुमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांकडं जा किंवा सरळ मोहोळ-सोलापूरच्या केंद्रावर जा आणि म्हणा, पुढच्या वर्षीचं आद्यरेषीय प्रात्यक्षिक, म्हणजे नवा वाण शेतकऱ्याच्याच रानात पेरून दाखवतात ते, माझ्या रानात घ्या. त्यांना अशी एक एकराची रानं दर हंगामात लागतात. शेतकरी मिळतो हो, पण नोंद ठेवणारा शेतकरी मिळायची मारामार असते.

आणि ग्रुपवर एकदाच टाका, मी कमानीला देणार नाही, पोरांची ट्रिप पाठवा, हुरडा माझ्याकडं. बघा किती जण लाइक करतात.

प्रश्न : आमच्याकडं दरवर्षी कृषी महाविद्यालयाची पोरंपोरी येतात, कृषिदूत आणि कृषिकन्या. मी स्वतः त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी म्हणून प्रत्येक वेळी हो म्हणतो, चहा-नाश्ता, राहायची सोय सगळं बघतो. पण पोरं काय करतात तर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, निंबोळी अर्क, बॅनर धरून फोटो, पेपरात बातमी, संपलं. माझी डाळिंबाची बाग तेल्यानं जाते आणि ही पोरं मला बादलीत निंबोळी भिजवून दाखवतात. हो म्हणायचं बंद करू का? (सांगोला)

बंद करू नका काका, पण वापरून घ्या की पोरांना! तुमचा राग मला कळतो, ती बातमी तर इतकी ठरलेली असते की गावाचं नाव बदललं की झालं. पण त्यात पोरांचा दोष कमी आहे, त्यांना यादी दिलेली असते आणि त्या यादीवर सह्या घ्यायच्या असतात. यादी पूर्ण होऊ द्या, दोन आठवड्यात होते ती. उरलेले दिवस तुमचे.

तुमचं नशीब असं की शेवटच्या वर्षाची पोरं गावात येतात ती बहुतेक पावसाळ्यात, म्हणजे तुमचा मृग बहर, पावसाळ्याच्या तोंडाला धरलेला, झाडावर असतो आणि दमट हवेत तेल्या सुटायचा तोच काळ. मग काय करायचं, बागेतली वीस झाडं निवडा, कडेची पण घ्या आणि मधली पण, त्यांना रिबीन बांधा, आणि पोरांना सांगा दर आठवड्याला त्याच झाडांची फळं मोजायची, डाग पडलेली किती, चांगली किती. शेजारी पाऊस आणि फवारणीची तारीख. रोगट फळं तोडून बागेबाहेर नेऊन जाळली का, कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना जंतुनाशकात बुडवली का, हे पण. तेल्या हा जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो आणि आपल्याच कात्रीवर बसून फिरतो, आणि मजूर सकाळी शेजाऱ्याच्या बागेतून थेट तुमच्या बागेत आला तर काय घेऊन आला ते कुणी बघत नाही. पोरांनी हे एकदा स्वतः मोजलं की ती ते आयुष्यभर विसरणार नाहीत, पुस्तकातलं परीक्षेनंतर राहतं होय?

हंगाम संपला की ते आकडे कॉलेजकडं तर द्याच पण केगावला पण न्या. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून आपल्या सोलापुरातच आहे, पुणे रोडला. ते आयसीएआरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी संशोधन परिषदेचं, राहुरीच्या विद्यापीठाचं नव्हे, बरेच जण इथं घोळ घालतात आणि एकाची तक्रार दुसऱ्याकडं घेऊन जातात. तुम्ही माजी विद्यार्थी आहात तर पोरांच्या मार्गदर्शक सरांना गाडीत घाला आणि दोघं मिळूनच जा ना.

एक सांगायचं राहिलं, पोरींची राहायची सोय करताना संडास-बाथरूम नीट आहे का ते बघा. वस्तीवर ठेवण्यापेक्षा गावात ठेवा. कृषिकन्या म्हणून बॅनर लावतो आणि आंघोळीला आडोसा नसतो, असं चालत नाही.

प्रश्न : मुलगा बँकेत कृषी अधिकारी झाला, चांगलं झालं. पण सुट्टी काढून येतो ते घरी नाही, कॉलेजात, मुलांना बँकेच्या परीक्षेचं मार्गदर्शन करायला. इकडं उसाला तोड आलेली असते, टोळीच्या मागं पळायला मी एकटा. त्याला काय सांगू? (करमाळा)

बापू, त्याला म्हणा आधी टोळी, मग मार्गदर्शन. तोडीची तारीख त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. बाकी पोरगा करतोय ते चांगलंच आहे, त्याला ज्यांनी रस्ता दाखवला तेही असेच कुणीतरी सिनियर असणार. रविवारी व्हिडिओ कॉलवर पण परीक्षेचं सांगता येतं, ऊस मात्र व्हिडिओ कॉलवर तुटत नाही.

प्रश्न : आई गेली. ती शाळेत गेली नव्हती पण आम्हा दोघी बहिणींना तिनं रोजगार करून, शेळ्या विकून शिकवलं. तिच्या नावानं आमच्या कॉलेजात सुवर्णपदक ठेवायचं आहे. पाच लाखांपर्यंत तयारी आहे. कसं करतात? (अक्कलकोट)

ताई, पदक ठेवता येतं. संस्था रक्कम ठेव म्हणून ठेवते आणि व्याजातून दरवर्षी खर्च होतो, पाच लाखांवर साडेसहा टक्के धरले तर 32,500 रुपये वर्षाला. पण मला विचाराल तर पदक ठेवू नका. पहिला आलेला मुलगा कसाही पुढं जातोच, तुमच्या आईनं शेळ्या विकल्या त्या पहिल्या नंबरासाठी नव्हत्या, महिन्याच्या खर्चासाठी होत्या.

आज फी हा बऱ्याच पोरींचा मोठा प्रश्न राहिलेला नाही, 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झालीय. अडतं कुठं तर मेसच्या बिलाला, एसटीच्या पासला, आणि योजनेचे पैसे खात्यावर येईपर्यंतच्या मधल्या महिन्यांत. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर अर्ज करायचा असतो, पण अल्पभूधारकाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर वर्ष जातं. तुमच्या व्याजातून दोन-तीन मुलींचं मेस बिल जिथल्या तिथं भरलं जाईल अशी योजना करा. आणि तुम्ही दोघी बहिणींपैकी कुणी जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजात दोन दिवस बसून पोरींचे ते अर्ज भरून दिले तर माझ्या मते ते पाच लाखांपेक्षा जास्त कामाचं आहे.

कागद मात्र पक्का करा. निवड कोण करणार, एखाद्या वर्षी कुणी पात्र नसलं तर पैसे कुठं जाणार, हिशोब तुम्हाला कधी मिळणार, सगळं लेखी. कर सवलत हवी असेल तर संस्थेची देणगीवरच्या सवलतीची नोंदणी (1961 च्या आयकर कायद्यातली 80जी) बघा आणि देणगीचं प्रमाणपत्र मागा, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, आणि नव्या कर पद्धतीत गेला असाल तर ही सवलत विसराच. आईचं नाव योजनेला द्या, फक्त उद्घाटनाला शाल-श्रीफळ नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर पहिल्या वर्षाच्या व्याजातला एक तुकडा त्यातच जातो.

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठाची एमएस्सी, आता पुण्यात नोकरी. वडील बार्शीत सोयाबीन करतात. विद्यापीठाच्या कारभारात माजी विद्यार्थ्यांना मत असतं असं ऐकलं, मग मला कधी कुणी मतदानाला बोलावलं कसं नाही? (बार्शी, सध्या पुणे)

कारण तुम्ही नाव नोंदवलेलं नसणार. डिग्री मिळाली की मत आपोआप मिळत नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात, मुदत पाच वर्षं. त्यात राखीव जागा आहेत, एक महिलेसाठी पण. विद्यापीठाचं बजेट तिथं मांडलं जातं, प्रश्न विचारता येतात, आणि शेतकऱ्यांच्या घरातली माणसं तिथं बसली तर परीक्षा ऐन सुगीत का लावता, तालुक्याच्या पोरांना एका मार्कशीटसाठी सोलापूरला हेलपाटे का, असले प्रश्न निघतात. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं, 2004 सालचं, 2019 मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं, मोठ्या विद्यापीठांच्या मानानं मतदार थोडे, म्हणून तर एकेक मत वजनाचं. कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा आहे, 1983 चा, तिथं असली सिनेटची निवडणूक नसते, त्यामुळं वरच्या मंगळवेढ्याच्या दादांनी हा फॉर्म शोधत बसू नये.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर पदवीधर नोंदणीचं बघा, पदवी प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा, आणि निवडणूक लागायची वाट बघू नका, मग यादी बंद झालेली असते. अजून एक, पुणे पदवीधर मतदारसंघाची नोंदणी ही विधान परिषदेची, आमदार निवडायची, त्यात सोलापूर येतं पण तिचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. बरेच जण तो फॉर्म भरून झालं आपलं काम म्हणतात. फॉर्म हातात घेतला की वर नाव कुणाचं छापलंय ते बघा, विद्यापीठाचं की निवडणूक आयोगाचं, आणि दोन्ही भरले तरी कुणी अडवत नाही.