आधी हात मोज

प्रिय पोरा,

परवा तू गेलास तेव्हा तुझा चहा तसाच राहिला होता. डिझेलची फोर्कलिफ्ट, बॅटरीची फोर्कलिफ्ट आणि रीच ट्रक, म्हणजे उंचावर माल ठेवणारी फोर्कलिफ्ट, अशी तीन कोटेशनं माझ्यापुढे ठेवलीस आणि मी एकही उघडलं नाही, याचं तुला वाईट वाटलं. वाटू दे. तुझ्या डाळीच्या गोदामात भरायच्या गाड्या संध्याकाळपर्यंत दारात उभ्या राहतात, मालक ओरडतात, हमाल रुसलेत, आणि या सगळ्यावर तुझ्याजवळ उत्तर काय, तर दुसरी फोर्कलिफ्ट. मी तुला एकच विचारलं होतं: तोंड शिवून शिलाई मशीनवरून निघालेल्या कट्ट्याला गाडीत जाईपर्यंत किती हात लागतात, म्हणजे तो किती वेळा उचलावा लागतो? तुला सांगता आलं नाही.

मग मीच तुझ्या बोलण्यातून मोजले. मशीनवरून खाली, खालून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून थप्पीला, थप्पीवरून परत खाली, मग दारापाशी ढीग, आणि ढिगातून गाडीत. सहा हात. 9 टनांच्या गाडीत 30 किलोचे 300 कट्टे बसतात, म्हणजे 1800 वेळा उचल. तुझी माणसं 9 टन डाळ भरण्यासाठी 54 टन वजन उचलतात, तेही मे महिन्यात जळगावच्या पत्र्याच्या शेडखाली. यातल्या एका तरी उचलीने डाळीचा भाव रुपयाने वाढतो का?

तू रावेरकडचा, केळीतला. घड कापला की तो जमिनीवर टेकू नये म्हणून तुझे वडील किती जपतात! कारण केळीला एक हात जास्त लागला की दुसऱ्या दिवशी सालीवर काळा डाग उमटतो आणि व्यापारी भाव पाडतो. डाळीच्या कट्ट्यावर डाग उमटत नाही, तेवढाच फरक. म्हणून म्हणतो, आधी हात मोज.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी कापसाच्या गोदामावर होतो. हंगाम ऐन भरात, जागा नाही, म्हणून मधल्या वाटेत गाठी लावल्या. 'तात्पुरत्या.' जागा झाली की त्या उचलून आत न्यायच्या. आमचे मुकादम म्हणाले होते, "एकच गाठ चारदा कसाले उचलतस, भाऊ?" मी म्हणालो, आता मशीन आहे ना. एका दुपारी त्या तात्पुरत्या गाठी आत नेताना फोर्कलिफ्टवर एकावर एक चार गाठी होत्या. एक गाठ 170 किलोची. ड्रायव्हरला पुढचं दिसत नव्हतं. माल नजरेआड येत असेल तर गाडी रिव्हर्समध्ये चालवायची, हा साधा नियम. तो सरळ आला. वाटेत वाकलेल्या एका हमालाच्या पावलावरून चाक गेलं. ते पाऊल पुन्हा नीट टेकलं नाही.

चौकशीत ड्रायव्हरवर ठपका आला. मी गप्प राहिलो. ती फेरी मुळात व्हायलाच नको होती, हे मला त्या रात्री कळलं होतं. आजही कोणी म्हणतं की मशीन आणलं हीच तुमची चूक, तेव्हा मला पटत नाही. 170 किलोची गाठ माणसाच्या पाठीवर टाकायची का? मशीन हवंच होतं. मालकांचा रोजचा फोन होता, जागा खरंच नव्हती, आणि माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण हात मोजले नव्हते मी. ते मोजायला मालकांनी अडवलं नव्हतं.

आता तुझ्याकडे येतो. शिलाई मशीनखाली जमिनीऐवजी 1200 बाय 1000 मिलिमीटरचं पॅलेट, म्हणजे माल रचायचा सपाट पाट, ठेव. एका थरात पाच कट्टे, सहा थर: 30 कट्टे, 900 किलो. दहा पॅलेट म्हणजे पूर्ण गाडी. कट्टा एकदा पॅलेटवर चढतो, एकदा गाडीत उतरतो. दोन हात. मधली ने-आण हँड पॅलेट ट्रकने, म्हणजे पॅलेटखाली घालून हाताने ओढायच्या गाड्याने होते. तो अडीच टन ओढतो. फक्त तुझ्या गोदामाची फरशी जागोजागी फुटलेली आहे, तिथे त्याची छोटी चाकं अडकतील. मालकांना पैसे खर्चायचेच असतील तर आधी ट्रीमिक्स काँक्रीटची, म्हणजे जादा पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटची, सपाट फरशी करायला सांग.

आणि एवढं करूनही फोर्कलिफ्ट लागलीच, तर तिच्या पाटीवरचा आकडा नीट वाच. 3 टन लिहिलंय ते मालाचा मध्य फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांच्या, उभ्या पाठीपासून 500 मिलिमीटरवर असेल तेव्हाचं. माल लांबट असला, पुढे सरकला, की 3 टन राहत नाहीत. सेल्समन हे सांगत नाही. बॅटरीची घेतलीस तर चार्जिंग मोकळ्या हवेत. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो.

हमालांचं राहिलं. ते रुसलेत त्याला तू आडमुठेपणा म्हणालास, ते मला मुळीच आवडलं नाही. त्यांची मजुरी नगावर आहे. उचल कमी झाली की घरात येणारा पैसा कमी. हमालांच्या मजुरीला आणि कामाला संरक्षण देणारा 1969चा माथाडी कायदा काय उगाच झाला का? हात सहाचे दोन करायचे असतील तर त्या दोन हातांचा दर वाढवून द्यावा लागेल, आणि तो मुकादमांसोबत बसून, मशीन येण्याआधी ठरवावा लागेल. मी तसं बसलो नव्हतो.

सोमवारी मालकांना सांग, आठ दिवस द्या. खडू घे, दाराशी उभा राहा, एका कट्ट्यावर खूण कर आणि तो गाडीत जाईपर्यंत त्याच्यामागे फिर. असे दहा कट्टे. आकडे कागदावर लिहून रविवारी घरी ये, जेवायलाच ये. कोटेशनं माझ्याकडे राहिलीत, ती तेव्हा घेऊन जा.

तुझा,
काका