शब्दकोशातले ठिपके आणि तोंडातले तुकडे

प्रश्न : शब्दकोशात 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द ठिपके देऊन अन-फॉर-टु-नेट-ली असा तोडलेला असतो. मी वर्गात तसाच म्हणून घेते. पण ध्वनिफितींत ना 'टु' ऐकू येतो, ना 'नेट'. बरोबर काय?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमचे कान बरोबर आहेत. ते ठिपके लिहिणाऱ्यासाठी असतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर जोडरेघ कुठे द्यायची, एवढंच ते सांगतात. उच्चार शेजारच्या ध्वनिलिपीत पाहायचा. तिथेही तुकडे 5च, पण अन्-फॉ-च-नट्-ली असे. अमेरिकी उच्चारात 'फॉ'नंतर 'र' ऐकू येतो. 'च' मात्र 'चहा'तला, 'चाका'तला नव्हे.

खरी गडबड 'नेट'ची. स्पेलिंगच्या शेवटी 'एट' असलेला शब्द क्रियापद असेल, तर 'एट' पुरता उच्चारतात. विशेषण असेल, तर तो आखडून 'अट्' होतो. वेगळं करणे या अर्थी 'सेपरेट', पण वेगळा या अर्थी 'सेप्रट'. आपलं क्रियाविशेषण विशेषणावरून झालेलं, म्हणून 'नट्ली'. 'इमीडिअट्ली', 'अप्रॉक्सिमट्ली', 'डिलिबरट्ली' यांचंही तेच. आघातच शेवटच्या तुकड्यावर असेल (ऑर्नेट, सिडेट), तर मात्र 'एट' शाबूत राहतो.

आघात शोधायला पुढचा 'अन' आणि मागचा 'ली' सोलून काढा. उरलेल्या शब्दात जोर पहिल्या तुकड्यावर, 'फॉ'वर आहे. दोन्ही परत जोडले तरी तो जागचा हलत नाही. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो, त्यामुळे 'नेट' उगाच जड होतो.

सराव शेपटाकडून घ्या : ली, नट्ली, चनट्ली, फॉचनट्ली, अन्फॉचनट्ली. पुढून सुरुवात केली की मुलं शेवटाला घाई करतात आणि 'च' गिळतात. 'ट्' फोडायचा नाही, नाहीतर मध्ये जादा 'अ' शिरून तुकडे 6 होतात. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकवून तिथेच ठेवायचं आणि फक्त कडा सैल सोडून 'ली' म्हणायचं. मराठीतली 'नटली' इथे चांगली कामाला येते (वर्ग हसेल, हसू द्या). फक्त तिच्यातला 'ट' जीभ मागे न वळवता म्हणायला लावा.